फोल्डरमधील फाइलींच्या यादीचे वेगमापन

फोल्डरमधील फाइलींच्या यादीचे वेगमापन म्हणजे एखाद्या संगणकीय स्क्रिप्टला फोल्डरमधील सर्व फाइलींची नावे, आणि आवश्यक असल्यास त्या फाइलींचे तपशील, मिळवण्यास किती वेळ लागतो हे निश्चित परिस्थितीत मोजण्याची प्रक्रिया होय. येथे स्क्रिप्ट या शब्दाचा अर्थ लिपी असा नसून, एका विशिष्ट कामासाठी लिहिलेली लहान आज्ञावली असा आहे. फोल्डरमध्ये शंभर-दोनशे फाइली असतात तेव्हा यादीला लागणारा वेळ जाणवत नाही. फाइलींची संख्या लाखाच्या घरात गेली म्हणजे मात्र तेच काम एका सेकंदात होऊ शकते किंवा त्याला वीस मिनिटेही लागू शकतात. हा फरक प्रामुख्याने चार गोष्टींवर अवलंबून असतो: यादीत नेमके काय मागितले आहे, ती माहिती त्या क्षणी कोठे साठवलेली आहे, फाइल-प्रणालीने ती कशी मांडली आहे आणि यादी कोणत्या क्रमाने हवी आहे. या चार गोष्टी न सांगता दिलेला वेगाचा आकडा निरुपयोगी ठरतो.

ग्रंथालये, अभिलेखागारे, शासकीय कार्यालये आणि संशोधन संस्था यांच्याकडे स्कॅन केलेल्या कागदपत्रांचे मोठे साठे तयार होत आहेत. त्यामुळे हा विषय आता केवळ संगणकतज्ज्ञांपुरता मर्यादित राहिलेला नाही.

यादी कशी तयार होते

फोल्डर ही वस्तुतः एक विशेष प्रकारची नोंदवही असते. तिच्यात फाइलींचा मजकूर नसतो. फाइलीचे नाव आणि त्या फाइलीची माहिती कोठे आहे हे दाखवणारा क्रमांक एवढेच असते. लिनक्स व तत्सम कार्यप्रणालींत या क्रमांकाला आयनोड क्रमांक म्हणतात. फाइलीचा आकार, ती शेवटची केव्हा बदलली, तिचा मालक कोण आणि ती वाचण्याचा अधिकार कोणाला आहे, हे तपशील नोंदवहीत नसून आयनोडमध्ये असतात.

हा भेद एका परिचित उदाहरणाने स्पष्ट होतो. छत्रपती संभाजीनगरच्या जुन्या शहरात गुलमंडी ही बाजारपेठ आहे. पैठण गेटकडून टिळक पथाने गुलमंडीपर्यंत चालत जाऊन दोन्ही बाजूंच्या दुकानांच्या पाट्या उतरवून घेणे हे एक काम झाले. प्रत्येक दुकानाच्या आत जाऊन दुकान केव्हा सुरू झाले, त्याचे क्षेत्रफळ किती आणि मालक कोण हे विचारणे हे दुसरे काम झाले. पहिले काम एका फेरीत होते. दुसऱ्या कामात दुकानांची जेवढी संख्या तेवढ्या वेळा थांबावे लागते. फाइलींच्या बाबतीत नावांची यादी हे पहिल्या प्रकारचे काम आहे आणि तपशिलांसह यादी हे दुसऱ्या प्रकारचे.

लिनक्समध्ये स्क्रिप्ट फोल्डर वाचू लागते तेव्हा कार्यप्रणाली नावे एकेक करून देत नाही, तर गठ्ठ्याने देते. सर्वसाधारण गठ्ठा ३२ किलोबाइटांचा, म्हणजे ३२,७६८ बाइटांचा असतो. प्रत्येक नोंदीला १९ बाइटांचे शीर्ष, नावाचे बाइट आणि नाव संपल्याची एक बाइटची खूण एवढी जागा लागते, व ती बेरीज आठच्या पटीत पूर्ण केली जाते. नाव वीस रोमन अक्षरांचे असेल तर एका नोंदीला ४० बाइट लागतात आणि एका गठ्ठ्यात ८१९ नोंदी मावतात. म्हणजे १,००,००० फाइलींची नावे मिळवण्यासाठी कार्यप्रणालीला केवळ १२३ वेळा विचारावे लागते. त्याच फाइलींचे आकार हवे असतील, तर प्रत्येक फाइलीसाठी स्वतंत्र विचारणा करावी लागते आणि १२३ विचारणांत आणखी १,००,००० विचारणांची भर पडते.

विंडोज कार्यप्रणालीत ही व्यवस्था थोडी निराळी आहे. तेथे फोल्डर वाचताना नावाबरोबरच फाइलीचा आकार आणि वेळाही मिळतात. लिनक्समध्ये नावाबरोबर बहुतेक वेळा केवळ ती नोंद फाइलीची आहे की उपफोल्डरची, एवढेच कळते. त्यामुळे एका कार्यप्रणालीवर घेतलेले माप दुसऱ्या कार्यप्रणालीला जसेच्या तसे लागू करता येत नाही.

पायथनमधील बदल

नाव आणि तपशील यांतील भेदाचे महत्त्व पायथन या भाषेच्या इतिहासात ठळकपणे दिसते. पायथनमध्ये फोल्डर व त्यातील सर्व उपफोल्डर फिरून पाहण्यासाठी ‘वॉक’ हे कार्य फार पूर्वीपासून आहे. ते आधी नावांची यादी घेई आणि मग प्रत्येक नाव फाइलीचे आहे की फोल्डरचे हे ठरवण्यासाठी कार्यप्रणालीला पुन्हा विचारी. वास्तविक ही माहिती कार्यप्रणालीने पहिल्याच वेळी दिलेली असे, परंतु यादी तयार करताना ती टाकून दिली जात होती.

बेन हॉयट यांनी मांडलेल्या ४७१ क्रमांकाच्या सुधारणा प्रस्तावातून ‘स्कॅनडिर’ हे नवे कार्य पुढे आले आणि सप्टेंबर २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पायथनच्या ३.५ या आवृत्तीत त्याचा समावेश झाला. स्कॅनडिर नावाबरोबर मिळालेली माहिती जपून ठेवते. ‘वॉक’ हे कार्य त्याच्या आधारे पुन्हा लिहिल्यावर ते विंडोजवर सुमारे ८ ते ९ पट आणि लिनक्ससारख्या प्रणालींवर सुमारे २ ते ३ पट वेगवान होते, असे त्या प्रस्तावातच नमूद आहे. यंत्र आणि फाइली तशाच होत्या; अनावश्यक विचारणा वगळल्यामुळेच हा फरक पडला.

फाइल-प्रणालीच्या रचनेचा परिणाम

साठवणीच्या माध्यमावर फाइली आणि फोल्डर कोणत्या पद्धतीने मांडावेत हे ठरवणाऱ्या व्यवस्थेला फाइल-प्रणाली म्हणतात. तिच्या रचनेचा यादीच्या वेगावर थेट परिणाम होतो.

लिनक्सच्या जुन्या एक्स्ट-२ या प्रणालीत फोल्डरमधील नोंदी एकापुढे एक अशा साध्या ओळीत असत. सर्व नावे सलग वाचण्यास त्याची अडचण नव्हती. पण एखादे विशिष्ट नाव शोधायचे तर आरंभापासून वाचत जावे लागे. तपशिलांसह यादी करताना प्रत्येक नाव पुन्हा शोधावे लागते. १०,००० फाइलींच्या फोल्डरमध्ये प्रत्येक शोधाला सरासरी ५,००० नोंदी पाहाव्या लागतात असे धरले, तर एकूण ५ कोटी नोंदी पाहाव्या लागतील. फाइलींची संख्या दुप्पट झाली की हे काम चौपट होते. पुढे एक्स्ट-३ आणि एक्स्ट-४ या प्रणालींत नावांची वृक्षासारखी अनुक्रमणिका आली आणि एकेका नावाचा शोध झटपट होऊ लागला. विंडोजच्या एनटीएफएस प्रणालीतही नावे वृक्षरचनेतच ठेवलेली असतात.

अनुक्रमणिकेचा एक दुष्परिणामही आहे. एक्स्ट-४ मध्ये नावे वर्णक्रमाने किंवा फाइल तयार झाल्याच्या क्रमाने मिळत नाहीत. नावावरून गणिताने काढलेल्या संकेतांकाच्या क्रमाने मिळतात. त्याच क्रमाने तपशील मागितले तर चकतीवर उलटसुलट उड्या मारत जावे लागते. आधी नोंदी आयनोड क्रमांकानुसार लावून मग तपशील मागितल्यास फिरत्या चकतीवरील वेळ लक्षणीयरीत्या कमी होतो.

पेनड्राइव्हवर अद्यापही आढळणाऱ्या फॅट-३२ या प्रणालीला संख्येचीच मर्यादा आहे. तिच्या एका फोल्डरमध्ये ३२ बाइटांच्या ६५,५३६ नोंदींपेक्षा अधिक नोंदी मावत नाहीत. लांब नावासाठी प्रत्येक १३ अक्षरचिन्हांमागे एक आणि त्याशिवाय मूळची एक नोंद खर्च होते. वीस चिन्हांच्या नावाला तीन नोंदी लागतात. त्यामुळे अशा सुमारे २१,८०० फाइलींनंतर फोल्डर भरतो. पेनड्राइव्हवर जागा शिल्लक असूनही फाइली उतरत नाहीत, याचे एक कारण हे असू शकते.

मापनाची पद्धत

घड्याळ. संगणकाचे दिनांक-वेळ दाखवणारे घड्याळ अधूनमधून दुरुस्त केले जाते व मागेपुढे होऊ शकते. म्हणून कालावधी मोजण्यासाठी केवळ पुढेच जाणारे स्वतंत्र घड्याळ वापरतात. पायथनमध्ये त्यासाठी ‘परफ-काउंटर’ हे कार्य आहे. लिनक्सची ‘टाइम’ ही आज्ञा तीन आकडे देते: प्रत्यक्ष गेलेला वेळ, स्क्रिप्टच्या स्वतःच्या आकडेमोडीत गेलेला वेळ आणि तिच्यासाठी कार्यप्रणालीने केलेल्या कामाचा वेळ. प्रत्यक्ष वेळ मोठा आणि उरलेले दोन आकडे लहान असतील, तर स्क्रिप्ट बहुतांशी चकतीची किंवा नेटवर्कची वाट पाहत होती असा निष्कर्ष निघतो.

थंड आणि उबदार मापन. कार्यप्रणाली एकदा वाचलेली माहिती स्मृतीत जपून ठेवते. त्यामुळे तीच स्क्रिप्ट लगेच दुसऱ्यांदा चालवली की ती कितीतरी वेगाने पूर्ण होते. संगणक नुकताच सुरू झालेला असताना घेतलेल्या मापाला थंड आणि माहिती स्मृतीत आलेली असताना घेतलेल्या मापाला उबदार म्हणतात. दोन स्क्रिप्टांची तुलना करताना पहिली थंड आणि दुसरी उबदार अवस्थेत चालवली गेली, तर दुसरीला न कमावलेले श्रेय मिळते. लिनक्समध्ये प्रशासकाच्या अधिकाराने ही जपलेली माहिती टाकून देता येते. विंडोजवर संगणक पुन्हा सुरू करणे हा सोपा मार्ग होय.

थंड आणि उबदार यांतील अंतर किती असू शकते हे साध्या हिशोबाने कळते. मिनिटाला ७,२०० फेरे घेणाऱ्या चकतीचा एक फेरा ८.३३ मिलिसेकंदांत पूर्ण होतो. हवी ती जागा वाचन-शीर्षाखाली येण्यास सरासरी अर्धा फेरा, म्हणजे ४.१७ मिलिसेकंद लागतात. शीर्ष सरकण्यास ८ मिलिसेकंद धरले, तर एका उडीस सुमारे १२ मिलिसेकंद होतात. अगदी प्रतिकूल परिस्थितीत प्रत्येक फाइलीसाठी एक उडी लागली, तर १,००,००० फाइलींना १,२०० सेकंद, म्हणजे २० मिनिटे लागतील. तेच तपशील स्मृतीत असतील आणि प्रत्येक विचारणेला २ मायक्रोसेकंद लागतात असे धरले, तर सर्व काम ०.२ सेकंदात होईल. हलणारे भाग नसलेल्या एसएसडीवर शीर्ष सरकण्याचा प्रश्नच नसल्याने हे अंतर बरेच कमी असते.

पुनरावृत्ती. एकाच मापावर विसंबणे योग्य नाही. पार्श्वभूमीवर चालणाऱ्या इतर कामांमुळे वेळ बदलतो. स्क्रिप्ट किमान पाच ते दहा वेळा चालवून मिळालेल्या वेळा चढत्या क्रमाने लावतात आणि मधला आकडा घेतात. एखाद्या वेळी संगणक अडखळला तर सरासरी बिघडते, मधला आकडा सहसा बिघडत नाही. सर्वांत लहान आणि सर्वांत मोठा आकडाही सोबत द्यावा.

वाढती संख्या. केवळ एका फोल्डरवर घेतलेल्या मापातून पुढचा अंदाज बांधता येत नाही. १,०००, १०,००० आणि १,००,००० फाइलींचे नमुना-फोल्डर तयार करून तिन्हींवर माप घेतल्यास वाढीचा कल कळतो. फाइली दहापट झाल्यावर वेळही दहापटच वाढला तर रचना ठीक आहे. वेळ पन्नास किंवा शंभरपट वाढला तर कोठेतरी तेच काम पुन्हापुन्हा होत आहे असे समजावे.

पडद्यावरील छपाई. यादी पडद्यावर छापण्याचा वेळ हा यादी करण्याचा वेळ नव्हे. लाखभर ओळी पडद्यावर सरकवण्यास प्रत्यक्ष यादीपेक्षा अधिक वेळ लागू शकतो. म्हणून मापन करताना नावे न छापता केवळ मोजावीत किंवा एखाद्या फाइलीत उतरवावीत.

क्रम लावण्याचा खर्च. लिनक्सची ‘एलएस’ ही आज्ञा नावे वर्णक्रमाने दाखवते. त्यासाठी तिला आधी सर्व नावे गोळा करावी लागतात. शेवटचे नाव येईपर्यंत पहिलेही दिसत नाही. १,००,००० नावे क्रमाने लावण्यासाठी सुमारे १७ लाख तुलना कराव्या लागतात. क्रम नको असेल तर तसे सांगण्याची सोय या आज्ञेत आहे आणि मोठ्या फोल्डरसाठी ती उपयोगी पडते.

पूर्णतेची पडताळणी

वेगमापनात सर्वाधिक दुर्लक्षित राहणारी बाब म्हणजे यादी पूर्ण आहे की नाही हे तपासणे. जी स्क्रिप्ट काही फाइली गाळते, ती साहजिकच वेगवान ठरते.

पायथनमधील ‘वॉक’ या कार्याला एखादा उपफोल्डर उघडण्याचा अधिकार नसेल, तर ते कोणतीही सूचना न देता तो ओलांडून पुढे जाते. चूक कळवण्याची सोय त्यात आहे, पण ती स्क्रिप्ट लिहिणाऱ्याने मुद्दाम वापरावी लागते. नावाच्या आरंभी टिंब असलेल्या फाइली लिनक्समध्ये लपलेल्या मानल्या जातात आणि अनेक आज्ञा त्यांना वगळतात. यादी चालू असतानाच कोणी नव्या फाइली टाकत असेल, तर त्या यादीत येतील की नाही याची शाश्वती नसते. म्हणून प्रत्येक मापाबरोबर मिळालेल्या नावांची संख्या नोंदवावी, ती दुसऱ्या स्वतंत्र मार्गाने मिळालेल्या संख्येशी ताडून पाहावी आणि दोन्ही जुळल्याखेरीज वेगाचा आकडा ग्राह्य धरू नये.

देवनागरी नावांचे प्रश्न

मराठी नावांच्या फाइलींमुळे यादीच्या कामात काही विशेष बाबी उद्भवतात.

पहिली बाब लांबीची. आजच्या लिनक्स संगणकांवर नावे साधारणतः यूटीएफ-८ या पद्धतीने साठवली जातात. तीत देवनागरीतील प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात आणि स्वर, व्यंजन, मात्रा व अनुस्वार ही सर्व स्वतंत्र चिन्हे मोजली जातात. ‘गुलमंडी’ या शब्दात ग, उकार, ल, म, अनुस्वार, ड आणि दीर्घ वेलांटी अशी सात चिन्हे आहेत. म्हणून त्याला २१ बाइट लागतात. एक्स्ट-४ मध्ये नावाची कमाल मर्यादा २५५ बाइट असल्याने देवनागरी नाव ८५ चिन्हांपलीकडे जाऊ शकत नाही. वीस देवनागरी चिन्हांच्या नावाला नोंदवहीत ४० ऐवजी ८० बाइट लागतात, एका गठ्ठ्यात ४०९ नोंदी मावतात आणि १,००,००० नावांसाठी १२३ ऐवजी २४५ विचारणा होतात. एकूण वेळेच्या मानाने हा फरक किरकोळ असतो; केवळ वेगासाठी मराठी नावे टाळण्याचे कारण नाही.

दुसरी बाब क्रमाची. चिन्हांच्या संकेतांकानुसार क्रम लावला तर ‘ळ’ हे अक्षर ‘ल’ नंतर लगेच येते, तर मराठी वर्णमालेत ते ‘ह’ नंतर येते. ‘क्ष’ आणि ‘ज्ञ’ हीही संकेतांकाच्या क्रमात अनुक्रमे ‘क’ आणि ‘ज’ यांच्या नावांत मिसळतात. मराठी कोशक्रम हवा असल्यास भाषेचे नियम लावून तुलना करावी लागते आणि ती साध्या तुलनेपेक्षा अधिक वेळ घेते. संख्यांचाही असाच प्रश्न असतो. ‘पान१०’ हे ‘पान२’ च्या आधी येते. म्हणून स्कॅन करताना ‘पान००२’, ‘पान०१०’ असे समान अंकसंख्येचे क्रमांक देणे श्रेयस्कर.

तिसरी बाब एकाच अक्षराच्या दोन रूपांची. ‘ऱ’ हे अक्षर संगणकात एकाच चिन्हाने किंवा ‘र’ आणि त्याखालील नुक्ता अशा दोन चिन्हांनी लिहिता येते. पडद्यावर दोन्ही सारखीच दिसतात, परंतु बहुतेक फाइल-प्रणालींना ती दोन भिन्न नावे वाटतात. ॲपलच्या जुन्या एचएफएस-प्लस या प्रणालीत नावे विघटित रूपात साठवली जात. तेथून आणलेली ‘गोऱ्हे’ या नावाची फाइल दुसऱ्या संगणकावर शोधली असता सापडत नाही, असे घडू शकते. दोन याद्या ताडून पाहण्यापूर्वी सर्व नावे एकाच रूपात आणणे त्यासाठी आवश्यक ठरते.

नेटवर्कवरील आणि दूरस्थ साठे

फाइली कार्यालयातील सामाईक सर्व्हरवर असतील, तर प्रत्येक विचारणेला नेटवर्कच्या फेरीचा वेळ लागतो. एक फेरी १ मिलिसेकंदाची धरली आणि प्रत्येक फाइलीसाठी एक फेरी झाली, तर १,००,००० फाइलींना १०० सेकंद लागतात. चकती कितीही वेगवान घेतली तरी हा वेळ कमी होत नाही. फेऱ्या कमी कराव्या लागतात.

ॲमेझॉनच्या एस-३ सारख्या दूरस्थ साठ्यांत खरे फोल्डर नसतातच. तिरक्या रेघांनी जोडलेली लांब नावे असतात. तेथे एका विनंतीत जास्तीत जास्त १,००० नावे मिळतात. म्हणजे १,००,००० नावांसाठी १०० विनंत्या कराव्या लागतात आणि पुढची विनंती सहसा आधीचे उत्तर आल्यावरच करता येते.

महासंगणकांत वापरल्या जाणाऱ्या लस्टर या समांतर फाइल-प्रणालीत नावे एका सर्व्हरवर आणि मजकूर इतर अनेक सर्व्हरांवर विभागलेला असतो. तेथे नावांची यादी लवकर मिळते. पण आकार सांगण्यासाठी मजकूर ठेवणाऱ्या सर्व्हरांनाही विचारावे लागते. अशा प्रणालींच्या चाचणीसाठी ‘एमडीटेस्ट’ ही आज्ञावली प्रचलित आहे. ती फाइली तयार करणे, त्यांचे तपशील मिळवणे आणि त्या काढून टाकणे या क्रियांचा दर सेकंदाचा वेग स्वतंत्रपणे मोजते.

मराठवाड्यातील अभिलेख आणि यादीचे महत्त्व

मोठ्या संख्येच्या कागदपत्रांतून नेमकी नोंद शोधण्याचा प्रश्न मराठवाड्याला जवळचा आहे. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हा प्रदेश हैदराबाद संस्थानात होता. त्यामुळे येथील जुन्या महसुली व इतर नोंदींत उर्दू भाषा आणि मोडी लिपी आढळते.

सप्टेंबर २०२३ मध्ये महाराष्ट्र शासनाने मराठवाड्यातील जुन्या कागदपत्रांतील कुणबी नोंदी तपासण्यासाठी निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. ऑक्टोबर २०२३ अखेरीस या समितीचा पहिला अहवाल आला. तोपर्यंत पावणेदोन कोटींच्या आसपास कागदपत्रे तपासली गेली होती आणि त्यांत ११,५३० कुणबी नोंदी आढळल्या होत्या. म्हणजे सरासरी सुमारे दीड हजार कागदपत्रांमागे एक नोंद मिळाली. उर्दू आणि मोडी कागदपत्रांचे भाषांतर व लिप्यंतर करून ती अंकीय स्वरूपात जनतेला उपलब्ध करण्याचेही त्या वेळी शासनाने जाहीर केले.

या संख्येवरून एक काल्पनिक हिशोब मांडता येतो. प्रत्येक कागदपत्राची एक प्रतिमा-फाइल केली आणि एका फोल्डरमध्ये १,००,००० फाइली ठेवल्या, तर पावणेदोन कोटी फाइलींचे १७५ फोल्डर होतील. वर दिलेल्या उबदार अवस्थेतील गृहीतानुसार सर्वांची तपशीलवार यादी ३५ सेकंदांत होईल. फिरत्या चकतीवरील प्रतिकूल थंड अवस्थेच्या गृहीतानुसार त्याच यादीला ३,५०० मिनिटे, म्हणजे ५८ तासांहून अधिक वेळ लागेल. दोन्ही टोके केवळ कल्पनेची असली, तरी मापन कोणत्या अवस्थेत केले हे सांगणे किती आवश्यक आहे ते त्यांतून दिसते.

पूर्णतेचे महत्त्वही येथेच स्पष्ट होते. दीड हजारांत एखादीच नोंद उपयोगाची असते आणि ती कोणत्या फोल्डरमध्ये आहे हे आधी ठाऊक नसते. अधिकाराअभावी एक उपफोल्डर मूकपणे वगळला गेला किंवा ‘ऱ’ च्या दोन रूपांमुळे एखादे नाव जुळले नाही, तर ‘नोंद आढळली नाही’ असे उत्तर मिळते. प्रत्यक्षात नोंद असते. ती यादीत आलेली नसते. एखाद्या कुटुंबाचे जातीचे प्रमाणपत्र, वारसाहक्क किंवा जमिनीचा दावा अशा एका उत्तरावर अवलंबून असू शकतो. म्हणून सार्वजनिक अभिलेखांच्या यादीत वेगापेक्षा संख्येची पडताळणी श्रेष्ठ मानली पाहिजे.

मोठ्या फोल्डरांची विभागणी

यादीचा वेळ कमी करण्याचा रूढ उपाय म्हणजे फाइली अनेक लहान फोल्डरांत वाटणे. विकिपीडिया ज्या मीडियाविकी या आज्ञावलीवर चालतो, तिच्यात चढवलेल्या चित्राच्या नावावरून एमडी-५ या पद्धतीने संकेतांक काढतात. त्यातील पहिल्या अंकाचा एक फोल्डर आणि पहिल्या दोन अंकांचा त्याच्या आतील फोल्डर केला जातो. संकेतांक सोळा अंकांच्या पद्धतीत असल्याने १६ फोल्डरांत मिळून २५६ उपफोल्डर होतात. लिनस टोरवाल्ड्स यांनी २००५ मध्ये तयार केलेल्या गिट या प्रणालीतही साठवलेल्या घटकांसाठी अशीच २५६ फोल्डरांची विभागणी आहे.

संकेतांकावरून केलेली विभागणी समान होते, परंतु माणसाला तिच्यातून काही उमगत नाही. अभिलेखांसाठी जिल्हा, तालुका, गाव आणि वर्ष अशी विभागणी अधिक सोयीची ठरते. शोधणाऱ्याला फक्त आपल्या गावाचा फोल्डर पाहावा लागतो.

साठा याहून मोठा असल्यास नावांची आणि तपशिलांची स्वतंत्र सूची विदागारात ठेवतात. शोध त्या सूचीत घेतला जातो आणि प्रत्यक्ष फोल्डरांची पूर्ण यादी केवळ ठरावीक काळाने पडताळणीसाठी केली जाते. ही सूची म्हणजे ग्रंथालयातील तालिकापत्रांसारखी असते. ग्रंथ हलवला आणि पत्र बदलले नाही तर ती दिशाभूल करते. त्यामुळे सूची असली तरी यादीच्या वेगमापनाची गरज संपत नाही.

सामान्य गैरसमज

फोल्डर उघडण्यास वेळ लागला म्हणजे यादी संथ आहे असे नेहमीच नसते. फाइल-व्यवस्थापकाची खिडकी चित्रांच्या लघुप्रतिमा तयार करण्यासाठी प्रत्येक फाइल उघडून वाचते आणि बराचसा वेळ त्यातच जातो. तोच फोल्डर साध्या यादीच्या स्वरूपात पाहिल्यास हा फरक ध्यानात येतो.

फाइलींचा आकार मोठा असल्याने यादी संथ होते, हाही असाच समज आहे. यादी करताना फाइलीचा मजकूर वाचला जात नाही. म्हणून दहा हजार मोठ्या फाइलींच्या यादीपेक्षा दहा लाख लहान फाइलींच्या यादीला अधिक वेळ लागतो.

मापनाचा निष्कर्ष नोंदवताना फाइलींची संख्या, नावांची सरासरी लांबी, कार्यप्रणाली, फाइल-प्रणाली, साठवणीचे माध्यम, थंड की उबदार अवस्था, केवळ नावे की तपशीलही, क्रम लावला की नाही, पुनरावृत्तींची संख्या आणि यादीत मिळालेल्या नावांची संख्या एवढ्या बाबी सोबत लिहिल्या, तर दुसऱ्या व्यक्तीस तेच मापन पुन्हा करून पाहता येते.